तूखफाब्रिक म्युलर, ऑयस्किर्शेन: १९६१ साली थांबलेली लोकरीची गिरणी

जर्मनीत कापडधंद्याची संग्रहालयं कमी नाहीत. आउग्सबुर्ग, बोखोल्ट, ब्राम्शे, सगळीकडे काही ना काही बघण्यासारखं आहे. तरीही एका घराण्याने गिरणी कशी चालवली, मालकाचा पैसा कुठे अडकायचा आणि शेवटी गणित कुठे बिघडलं हे समजून घ्यायचं असेल, तर आधी ऑयस्किर्शेनजवळच्या कूखेनहाइममधली तूखफाब्रिक म्युलर बघावी. इथली यंत्रं गावोगावहून गोळा करून मांडलेली नाहीत. काम बंद पडलं तेव्हा जे जिथे होतं, तिथेच ते आज उभं आहे आणि त्यातलं काही चालवूनही दाखवतात. चालता माग बऱ्याच ठिकाणी दिसतो. मागाच्या आधीची आणि नंतरची सगळी साखळी एकाच छपराखाली, मूळ जागी दिसणं दुर्मिळ.

इमारत गिरणीपेक्षा जुनी आहे. १८०१ साली ती कागद बनवण्यासाठी उभी राहिली, एर्फ्ट नदीच्या पाटावर. लोकर तिच्यात नंतर आली. १८९४ मध्ये लुडविग म्युलर यांनी ती विकत घेतली आणि तिथे पूर्ण कापडगिरणी चालवली. १९०३ सालचं वाफेचं इंजिन आणि बहुतेक यंत्रं त्याच सुमाराची. पुढे कारभार मुलगा कुर्ट म्युलर यांच्याकडे आला. १९६१ मध्ये ऑर्डरी आटल्या आणि काम थांबलं. त्या काळात बंद झालेल्या गिरण्यांची यंत्रं सहसा भंगारात जात. कुर्ट म्युलर यांनी ती मोडीत काढली नाहीत. पुन्हा चांगले दिवस येतील आणि पट्टे पुन्हा फिरतील, या आशेवर सगळं जागच्या जागी ठेवलं. ते दिवस आले नाहीत. २००० साली ऱ्हाइनलांड प्रादेशिक संघाच्या, म्हणजे एलव्हीआरच्या, उद्योग संग्रहालयाचा भाग म्हणून गिरणीचं दार लोकांसाठी उघडलं.

जर्मन धंद्यात अशा गिरणीला 'फोल्टूखफाब्रिक' म्हणतात: एका दारातून लोकर आत, दुसऱ्या दारातून शिवायला तयार कापड बाहेर. ऐकायला हे फायद्याचं वाटतं, कारण कातणाराचा, विणणाराचा, रंगाऱ्याचा नफा घरातच राहतो. पण मालकाच्या बाजूने बघा. लोकरीचे पैसे आधी मोजायचे. मग पिंजण, कातणं, विणणं, धुणं, घट्ट करणं, कातरणं यात आठवडे जायचे, आणि गिऱ्हाइकाचे पैसे त्यानंतर कधीतरी. या सगळ्या काळात भांडवल सुताच्या कांड्यांमध्ये आणि अर्धवट कापडाच्या ताग्यांमध्ये बसून राहणार. गिरणीतून फिरताना प्रत्येक टप्प्यापाशी थांबून स्वतःला एकच प्रश्न विचारावा: इथे माल किती दिवस पडून राहत असेल? मग जागेचा अर्थ वेगळाच लागतो.

सुरुवात लोकर फोडण्यापासून होते. दात्यांच्या ढोलात लोकर मोकळी करतात, वेगवेगळ्या प्रतींची आणि रंगांची भेळ करतात आणि तिच्यावर तेल-पाण्याचं मिश्रण शिंपडतात. तेल कमी पडलं तर पिंजताना तंतू तुटतात आणि धूळ-कचरा होऊन खाली पडतात. जास्त झालं तर पिंजणाच्या तारा चिकट होऊन भरतात. आणि पुढे धुताना ते पुरतं निघालं नाही तर रंग डागाडागांनी बसतो. ही चूक मात्र लगेच दिसत नाही. कितीतरी टप्प्यांनंतर, मजुरी पूर्ण लागून गेल्यावर, कापड उजेडात धरलं की दिसते. लोकरीच्या धंद्यातली बरीच दुखणी अशीच आहेत: चूक एका खोलीत, तोटा दुसऱ्या खोलीत.

पिंजणाच्या यंत्रांपाशी घाई करू नये. बारीक तारांनी मढवलेले ढोल एकमेकांना जवळजवळ चाटत फिरतात आणि लोकरीचा पातळ पडदा तयार होतो. शेवटच्या यंत्रावर हा पडदा चामड्याच्या अरुंद पट्ट्यांमध्ये विभागला जातो आणि डावीकडे-उजवीकडे सरकणाऱ्या चामडी पट्ट्यांमध्ये चोळला जाऊन त्याच्या वाती होतात. या वातीला पीळ नसतो. बोटाने ओढली की सुटते. सुताची जाडी खरं तर इथेच ठरते, कातण्यात नव्हे. एखादा अरुंद पट्टा ताणून सैल झाला तर त्या पट्ट्याची वात बाकीच्यांपेक्षा वेगळी येते आणि शेवटी कापडात पट्टा उमटतो. तारा बोथट झाल्या तर गुठळ्या येतात. म्हणून तारांना धार लावणं हा देखभालीतला सर्वांत महत्त्वाचा भाग होता आणि चांगला पिंजणमास्तर मालक सहसा हातचा जाऊ देत नसे.

मग येतो सेल्फॅक्टर, म्हणजे स्वतः मागेपुढे जाणारी कातण्याची गाडी. मँचेस्टरच्या रिचर्ड रॉबर्ट्स यांचा हा एकोणिसाव्या शतकातला शोध. मार्गदर्शकासोबतच्या फेरीत त्याच्यापाशी उभं राहायला मिळालं तर बाजूने बघा, समोरून नव्हे. चात्यांची, म्हणजे सूत पिळून गुंडाळणाऱ्या फिरत्या काड्यांची, लांबच लांब रांग चाकांवर बसवलेली आहे. गाडी साधारण दीड-दोन मीटर बाहेर येते, त्याच वेळी चात्या पीळ देत असतात. थोडं अंतर गेल्यावर वात सोडणारे रूळ थांबतात, गाडी मात्र पुढे जात राहते आणि धागा ताणला जातो. आता डोळ्यांनी एकच धागा पकडा. पीळ आधी बारीक जागी जमतो, कारण तिथे तंतू कमी असतात. तिथला धागा घट्ट होतो आणि ताणायला नकार देतो. मग ताण जातो अजून सैल असलेल्या जाड जागेवर, ती बारीक होते. म्हणजे धागा ताणता ताणता आपोआप एकसारखा होत जातो. मग गाडी क्षणभर थांबते, चात्या थोड्या उलट फिरतात, आडवी तार खाली येऊन धाग्यांना दिशा देते आणि गाडी परत जाताना कातलेलं सूत कांडीवर गुंडाळलं जातं. पुन्हा पहिल्यापासून.

गाडीचा वेग आणि वात सोडण्याचा वेग यांचा मेळ चुकला की दोनपैकी एक होतं: ताण जास्त असेल तर धागे पटापट तुटतात, कमी असेल तर धागा वेटोळी घालतो. तुटलेला धागा चालत्या गाडीसोबत चालत जोडावा लागे. रिंग फ्रेममध्ये, म्हणजे नंतरच्या कातण्याच्या यंत्रात, हे सगळं एकसलग होतं आणि जागाही कमी लागते. तरी जुन्या गिरण्यांनी सेल्फॅक्टर का ठेवले, याचं उत्तर वर दिलेल्या त्या धाग्यात आहे. आखूड, मिश्र, थोडी हलकी लोकरही तो सांभाळून घेतो. हलक्या लोकरीतून बऱ्या प्रतीचं सूत काढणं म्हणजे मालकाचा नफा.

मागखात्यात आवाज प्रचंड असतो. एकच माग चालू केला तरी बोलणं थांबतं. लक्ष द्यायचं ते कापडाच्या रुंदीकडे. मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, दोन मीटरच्या आसपास किंवा अधिक पसरलेला असतो, पण तयार कापड साधारण १४० ते १५० सेंटिमीटर भरतं. मधला फरक वाया जात नाही, तो पुढच्या खात्यात मुद्दाम आवळला जातो. म्हणून मागावरचं कापड विरळ, जाळीदार आणि खरखरीत दिसतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते हलक्या प्रतीचं वाटतं आणि ती समजूत चुकीची आहे. नव्या कामाला वहीफणी भरणं, म्हणजे ताण्याचा एकेक धागा मागाच्या वहीतून आणि फणीतून ओवणं, तुटलेला ताणा सांधणं, कांडी संपायच्या आत धोटा बदलणं, यावर विणकराचा दिवस जायचा. मजुरी नगावर असेल तर थांबलेला माग म्हणजे बुडलेली मजुरी. त्यामुळे कमकुवत सूत आलं की विणकर आणि कातणखातं यांच्यात तक्रार ठरलेली, आणि ती शेवटी मालकाच्या टेबलावर.

माग सोडल्यावर कापड आधी गाठी काढायला जातं. हे काम बहुतेक स्त्रियांचं होतं: तिरक्या उजेडात कापड ओढत एकेक गाठ चिमट्याने मागे काढायची, सुटलेला धागा सुईने भरायचा. या टेबलांकडे फारसं कुणी बघत नाही, आणि ते चुकतं. कारण पुढे कातरणीच्या पात्याखाली एखादी गाठ किंवा धातूचा कण राहिला तर कापडाला सरळ भोक पडतं. आतापर्यंतचा सगळा खर्च त्या एका गाठीवर जातो.

त्यानंतरचं फुलिंग, म्हणजे कापड आवळून घट्ट करणं, हा लोकरी कापडाचा आत्मा. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ओल, ऊब, साबण आणि दाब मिळाला की तंतू एकमेकांत शिरतात आणि परत बाहेर येत नाहीत. यंत्रात कापडाची दोन्ही टोकं शिवून त्याचं वेटोळं करतात. रुळांमधून दाबलं की ते रुंदीत आटतं, पुढच्या अरुंद कप्प्यात कोंबलं जाताना लांबीत आटतं. पाणी कोमट हवं, उकळतं नव्हे. तासातासाने कापड बाहेर काढून रुंदी मोजायची आणि घड्या मोडून पुन्हा घालायचं. एकाच घडीवर फिरत राहिलं तर तिथे कायमचे व्रण उठतात, ते इस्त्रीनेही जात नाहीत. वेळ कमी झाला तर पुन्हा घालता येतं, जास्त झाला तर उपाय नाही. कापड पुठ्ठ्यासारखं होतं आणि मीटरही कमी भरतात. मालक विकतो मीटरवर, म्हणजे दोन्हीकडून मार. या कामाला तास लागतात, तेव्हा फेरीच्या वेळेत ते बसत नाही. म्हणून यंत्रापाशी थोडं जास्त थांबून रूळ आणि कोंबण्याचा कप्पा नीट बघून घ्यावा.

या खात्यांपैकी एकच जवळून बघायला मिळणार असेल तर आम्ही तंतू उठवण्याचं यंत्र निवडू. त्याच्या ढोलावर लोखंडी चौकटींमध्ये ओळीने खोचलेली असतात ती झाडाची वाळकी बोंडं. जर्मनमध्ये त्यांना 'वेबरकार्डे' म्हणतात, म्हणजे विणकराचं काटेबोंड, आणि ती यासाठीच लावली जात. प्रत्येक बोंडावर शेकडो बारीक आकडे, टोकाला किंचित वळलेले. ओलसर कापड त्यांच्यावरून जातं आणि आकडे तंतूंची टोकं वर ओढतात. तारेचा ब्रश का नाही? कारण आकडा तंतूत फार खोल अडकला तर तो स्वतः मोडतो, कापड फाडत नाही. तार मोडत नाही, म्हणून हात चुकला तर ती कापड फाडते. पद्धत अशी की आधी झिजलेली बोंडं लावायची, मग हळूहळू नवी, धारदार. उलट क्रमाने केलं तर पहिल्याच फेरीत कापड विरतं. बोंडं लोकरीने भरतात, भिजून मऊ पडतात, म्हणून काढून साफ करायची, वाळवायची, पुन्हा लावायची.

उठवलेले तंतू मग कातरणी एका उंचीवर छाटते. नळीवर सर्पिल बसवलेली पाती आणि खाली स्थिर पातं. हे यंत्र ओळखीचं वाटलं तर नवल नाही: इंग्लंडमधल्या स्ट्राउडच्या एडविन बडिंग यांनी १८३० मध्ये गवत कापण्याचं यंत्र काढलं, ते लोकरी कापडाच्या अशाच कातरणीवरून.

आता इंजिन आणि शाफ्ट. सगळी यंत्रं छताखालच्या शाफ्टवरून, म्हणजे इंजिनाने फिरणाऱ्या लांब दांड्यावरून, चामड्याच्या पट्ट्यांनी चालत. प्रत्येक यंत्रावर दोन पुल्या शेजारी शेजारी असतात, एक घट्ट आणि एक मोकळी. दांडा सरकवून पट्टा मोकळ्या पुलीवर घेतला की यंत्र थांबतं, शाफ्ट फिरतच राहतो. पट्टा आडवा ओलांडून लावला की दिशा उलटते. वाफेचं इंजिन लोकरीच्या गिरणीला परवडायचं, त्याचं कारणही इथे कळतं: रंगवायला, धुवायला, वाळवायला उष्णता तशीही लागायची. बॉयलर एकदा तापला की त्याच वाफेतून दोन कामं. पण त्याची दुसरी बाजूही होती. ऑर्डर कमी असली तरी बॉयलर पेटवावाच लागतो, पूर्ण शाफ्ट फिरवावाच लागतो. दोन माग चालवायला अर्धी गिरणी हलते.

मालकाच्या अडचणी समजायला बाजार माहीत असावा लागतो, म्हणून जायच्या आधी एवढं ध्यानात ठेवावं. ऑयस्किर्शेनची ओळख गणवेशाच्या कापडाची. पहिल्या महायुद्धाआधी जर्मन सैन्य निळ्यावरून करड्या-हिरवट रंगाकडे गेलं. तो रंग वेगवेगळ्या रंगांची लोकर आधी रंगवून मग मिसळून साधायचा, म्हणजे लोकर फोडण्याच्या खोलीचं महत्त्व एकदम वाढलं. व्हर्सायच्या तहाने सैन्य १ लाखावर आणलं आणि गणवेशावर जगणाऱ्या गिरण्यांचं मोठं गिऱ्हाईक एका सहीने आटलं. १९३० च्या दशकात लोकरीत कृत्रिम रेशमाचा आखूड तंतू मिसळण्याची सक्ती आली. तो लोकरीसारखा आवळत नाही, तेव्हा फुलिंगचे जुने अंदाज चुकायला लागले. जून १९४८ च्या चलनबदलानंतर लोकांची कपाटं रिकामी होती आणि कोटाचं कापड हातोहात गेलं. मग कोरियन युद्धाच्या वेळी लोकरीचे भाव चढले आणि १९५१ मध्ये कोसळले. ज्याने वरच्या भावात लोकर भरली, त्याच्या गोदामात तोटाच पडला होता.

यानंतरच्या दहा वर्षांतच जुन्या गिरण्यांचा निकाल लागला. इटलीतल्या प्रातोहून चिंध्यांपासून परत काढलेल्या लोकरीचं स्वस्त कापड येऊ लागलं. घरं आणि गाड्या गरम झाल्या, जाड लोकरी कोटाची गरज घटली आणि गिऱ्हाईक हलक्या कापडाकडे वळलं. मजूर मिळेनात, कारण दुसरीकडे पगार चांगला होता. ज्यांनी नवे स्वयंचलित माग घेतले ते एका विणकरावर कितीतरी माग चालवत. १९०० च्या सुमाराच्या मागांवर ते शक्य नव्हतं. जुनी यंत्रं ठेवणं हा मालकाचा हट्ट होता असं सांगितलं जातं, ते आम्हाला पटत नाही. त्यांची किंमत कधीच फिटलेली होती, लहान ऑर्डर आणि खास रंग ती सहज करायची, आणि वाईट वर्षात कर्जाचा हप्ता नव्हता. दीर्घकाळ हीच गोष्ट अशा गिरण्यांना तगवून होती. मागणीच गेल्यावर तिचा उपयोग राहिला नाही. फेरीत यंत्रांवर भरपूर वेळ जातो. धंद्याच्या या बाजूसाठी मार्गदर्शकाला आपण होऊन विचारावं: लोकर कुणाकडून यायची, कापड कोण उचलायचं, नग कसा मोजायचे.

जाण्याचं सोपं आहे. बॉनहून ऑयस्किर्शेनकडे जाणारी एस २३ गाडी कूखेनहाइमला थांबते, तिथून गिरणी चालत गाठता येते. कोलोनहून यायचं तर ऑयस्किर्शेनला गाडी बदलावी. सोमवारी बंद. १८ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत. गिरणीच्या आत एकट्याने फिरता येत नाही, ठरलेल्या वेळच्या फेरीसोबतच जावं लागतं. त्या वेळा आधी बघून त्याप्रमाणे गाडी पकडा, नाहीतर दारात ताटकळावं लागेल. नेहमीच्या फेऱ्या जर्मनमध्ये असतात. जर्मन येत नसेल तर यंत्रांचा क्रम आधी पाठ करून जा. वर दिलेला क्रम लक्षात असला तर हातवाऱ्यांवरही बरंच समजतं. पायात सपाट, घट्ट बूट हवेत. लहान मुलं मागाच्या आवाजाने दचकतात, त्यांना आधी सांगून ठेवावं. सैल ओढणी किंवा मफलर पट्ट्यांजवळ नको. शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळून कमी गर्दीच्या दिवशी जा, सेल्फॅक्टरपाशी बाजूला उभं राहायला जागा मिळते.

बाहेर पडताना दुकानात लोकरी कापड किंवा ब्लँकेट दिसलं तर ते उजेडासमोर धरा. चांगलं फुलिंग झालेल्या कापडात ताण्या-बाण्याची जाळी दिसत नाही. काठाजवळ थोडं खरवडून बघा, धागा सहज सुटता कामा नये. मग तळहात एका दिशेने फिरवा आणि परत उलट. एका बाजूला गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूला किंचित अडखळलं, तर तंतू उठवून एका अंगाला बसवलेले आहेत. घरी ब्रश त्याच अंगाने मारायचा आणि गरम पाण्याच्या मशीनमध्ये ते कधीही टाकायचं नाही.